सोलापुरातल्या जुन्या वाचनालयाचा इतिहास शोधायचाय? मग असं करा

दारावरची पाटी वाचून लगेच लिहायला बसू नका. पाटीवर शेठजींचं नाव दिसलं की आपण ठोकून देतो की वाचनालय त्यांनीच काढलं, पण बऱ्याच ठिकाणी ते आधीपासून वर्गणीवर, भाड्याच्या खोलीत चालू असतं, शेठजी नंतर देणगी देतात, मग इमारत होते आणि नाव बदलतं. त्यामुळे स्थापना, इमारत आणि नामकरण, तिन्ही सालं वेगवेगळी शोधायची.

सगळ्यात जास्त माल जुन्या पुस्तकांत असतो. ग्रंथपालांना गोड बोलून मागचं कपाट उघडायला लावा आणि पुस्तकांची पहिली पानं बघा, तिथे शिक्का असतो. नाव बदललं असेल तर एकाच पानावर दोन शिक्के सापडू शकतात, एक पुसट, जुन्या नावाचा आणि त्याच्यावरच तिरका मारलेला नवा. दोन्हीचे फोटो घ्या. मग दाखल रजिस्टर मागा, त्यात पुस्तक विकत घेतलं का भेट आलं ते लिहिलेलं असतं, आणि शेठजी पहिल्यांदा कधी उगवले ते तिथेच कळतं. साल शके असेल तर 78 मिळवा (शके 1807 म्हणजे 1885), जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर बहुतेक वेळा 79. हिशेब रुपये-आणे-पैत असतो, 12 पै म्हणजे आणा आणि 16 आणे म्हणजे रुपया. मोडी लिपी दिसली तर अंदाजाने वाचू नका, जाणकार गाठा.

मग बाहेरचे कागद. मुंबई गॅझेटियरचा (इंग्रज सरकारने काढलेले जिल्हावार माहितीचे ग्रंथ) सोलापूर खंड 1884 चा आहे, विसावा, त्यात शहराची माहिती बघा. इंग्रजीत शोधताना हल्लीच्या स्पेलिंगने काही मिळणार नाही, त्या काळी शोलापूर (Sholapur) असं लिहायचे. देणगीदाराच्या बाजूनेही शोधा, लोक हे विसरतात. आपल्याकडे हिराचंद नेमचंद वाचनालय आहे ना, त्या हिराचंद नेमचंद दोशींनी 1885 ला 'जैन बोधक' मासिक काढलं, उद्योगपती वालचंद हिराचंद हे त्यांचेच चिरंजीव, म्हणजे अशा माणसाचा माग जुन्या अंकांत आणि घराण्याच्या चरित्रांतही लागतो.

धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद काढाच, पण ती 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालची, म्हणजे शंभर वर्षं जुन्या संस्थेचं स्थापना साल तिथे कोणीतरी ऐकीव सांगितलेलं असू शकतं. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, एवढ्यासाठी ती चांगली. जागेसाठी सिटी सर्व्हेचा उतारा.

आणि हे सगळं गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत काढू नका, कोणी जागेवर भेटत नाही. मे महिन्यात दुपारी तर नाहीच, सकाळी उघडल्या उघडल्या जा.