एएमआरमध्ये पीएचडी करायचीय? अर्जाआधीच होणाऱ्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली एमएस्सी झालेली मुलं एएमआरकडे, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या संशोधनाकडे वळतायत, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात 12 लाख 70 हजार माणसं दगावली, असा अंदाज आहे. या कामाला माणसं हवीतच. पण संशोधनाचा प्रश्न कच्चा असला की अर्ज तिथेच पडतो.

हमखास दिसणारा विषय म्हणजे 'औषधी वनस्पतींच्या अर्काची जंतुरोधक क्रिया'. खानापूरचं जंगल हाकेच्या अंतरावर, शहरात पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) संस्था, त्यामुळे मोह होणारच. विषय वाईट नाही, चूक पुढे होते. जंतू पसरलेल्या आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटला भोक पाडून अर्क घालायचा, भोवतीचा मोकळा गोल पट्टीने मोजायचा आणि 'नवं अँटिबायोटिक' लिहून मोकळं व्हायचं! तो गोल औषध आगरमधून किती पसरतं यावरही ठरतो. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचंच बघा. रेणू मोठा, आगरमध्ये नीट पसरत नाही, म्हणून त्याची डिस्क चाचणी (औषधाची चकती ठेवून गोल मोजायची) ग्राह्य धरत नाहीत. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने, म्हणजे द्रव माध्यमात औषध पातळ करत जाऊन, एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण) काढतात. तुमच्या प्रस्तावातही एमआयसी हवी. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवणार असाल तर नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल हवा, आणि माणसाच्या पेशींना अर्क किती विषारी हेही तपासायला हवं. अर्कातला घटक आधीच माहीत असलेला आहे का, हे पहिल्याच टप्प्यात बघा. नाहीतर दोन वर्षं राबून हाती टॅनिनसारखं झाडांत सर्रास सापडणारं द्रव्य लागतं.

मला विचाराल तर प्रश्न गोठ्यातून उचला. गाईला कासदाह झाला की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. त्या दुधातल्या स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूमध्ये मेथिसिलिनला दाद न देण्याची ताकद देणारं मेक-ए जनुक आहे का, तो कुठल्या औषधांना दाद देत नाही? प्रश्न लहान आहे, पण उत्तर मिळण्यासारखा आहे. मात्र नमुने घेण्याआधी नैतिकता आणि जैवसुरक्षा समित्यांची मंजुरी लागते. त्यात महिने जातात, ते वेळापत्रकात धरा.

प्रोजेक्टवर जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलो) म्हणून लागलात म्हणजे पीएचडीची नोंदणी झाली असं नसतं. रुजू होण्याआधीच विचारा: नोंदणी कुठल्या विद्यापीठात, कधी? नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ न मिळता फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरलात, तर तो निकाल एकच वर्ष चालतो.

सीमाभागातल्यांनी दाखल्यांकडे खास लक्ष द्यावं. कर्नाटकातला मागासवर्गीय दाखला कोल्हापूर-पुण्याच्या राज्य विद्यापीठात चालेल असं गृहीत धरू नका. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, आणि तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी बघावं लागतं.

आणि एकच मेल चाळीस गाईडना पाठवू नका. त्यांचा अलीकडचा एक पेपर नीट वाचा, त्यातली कुठली पद्धत तुमच्या प्रश्नाला लागू पडते ते तीन ओळींत लिहा, मार्कलिस्ट जोडा.