वाळवंटात जाताना शर्टाचं कापड कसं निवडावं

जैसलमेरला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मलमलचा पांढराशुभ्र कुर्ता नेला होता. मार्चचा पहिला आठवडा होता आणि सकाळपासून वारा सुटला होता. जवळच्या सम गावाच्या वाळूच्या टेकड्यांवर दुपारभर हिंडलो, तरी ऊन असं जाणवलंच नाही. रात्री तंबूत कुर्ता काढला तर खांदे तांबूस झालेले, हात लागला तरी हुळहुळत होते. त्या तांबूसपणात बनियनचा आकार स्पष्ट उमटला होता. मलमलखाली बनियन होतं तेवढी कातडी शाबूत होती, नुसती मलमल होती तिथली भाजली होती.

‘उन्हात पांढरं, पातळ, सुती घालावं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. उकाड्यासाठी ते बरोबरच आहे. पण कातडी भाजते ती अतिनील किरणांनी, आणि त्यांची झळ जाणवत नाही. गार वारा असला तरी ते येतच असतात. म्हणून कापड घेताना घाम वाळेल का आणि किरण अडतील का, हे दोन्ही वेगवेगळं पाहावं लागतं.

१. कधी जाणार ते आधी ठरवा

भर उन्हाळ्यात थरला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जोधपूर-जैसलमेर वाटेवरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. तिथे शर्ट काय करणार? ऑक्टोबर ते मार्च हे सहलीचे महिने. त्यातही उन्हाचा जोर ओळखायला आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली, की अतिनील किरण जोरात आहेत असं समजावं. जैसलमेरला डिसेंबरात भर दुपारीही ती आपल्यापेक्षा थोडी लांब पडते, फेब्रुवारी लागला की दुपारची आखूड होऊ लागते.

२. दुकानात कापड उजेडात धरा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. दुकानातल्या दिव्याखाली काहीही घट्ट दिसतं. ‘दादा, जरा बाहेर उजेडात बघतो,’ म्हणून शर्ट दारापाशी न्या, आत हात घाला आणि पाठीचा एकेरी भाग सूर्याच्या दिशेने धरा. बोटं मोजता आली, तर शर्ट परत द्या. नुसती धूसर सावली दिसली तर पुढे विचार करा. मग कापड दोन्ही हातांनी हलकं ताणा. उभ्या-आडव्या धाग्यांमधून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तेवढ्या खिडक्या उघड्या आहेत.

काही शर्टांच्या लेबलवर ‘यूपीएफ’ आकडा असतो, म्हणजे कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप. ५० म्हणजे किरणांचा पन्नासावा भाग, २ टक्के, आत येतो. या मोजणीचं पहिलं मानक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ मध्ये आणलं. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचा आकडा साधारण ५ ते ७ भरतो, आणि तो भिजला की ३ च्या आसपास येतो. घामाने भिजलेली पाठ म्हणजे अर्धी उघडी पाठ.

३. धागा आणि विण

मलमल, वायल आणि विरळ विणीचं लिनन बाजूला ठेवा. सुती घ्यायचं तर घट्ट पॉपलीन किंवा तिरप्या रेघांचं हलकं ट्विल. डेनिम किरण उत्तम अडवतं, पण दुपारी अंगावर सहन होत नाही. कोरा मांजरपाट मात्र उगीच मागे पडला आहे. ब्लीच न केलेल्या कापसातले नैसर्गिक घटक अतिनील किरण शोषतात. शुभ्र ब्लीच केलेल्या सुतात ते उरत नाहीत. शिंप्याकडून मांजरपाटाचा सैल शर्ट शिवून घेतला, तर तो वाळवंटात झकास चालतो.

पॉलिएस्टरचा धागा मुळातच हे किरण जास्त शोषतो, म्हणून पातळ असूनही बऱ्यापैकी काम देतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, तिथे लवकर सुकणारं कृत्रिम कापड सुखाचं वाटतं. थरची हवा कोरडी. तिथे सूत ओल धरून ठेवतं आणि ती सावकाश उडताना अंगाला गारवा मिळतो. मी सूत-पॉलिएस्टर मिश्रण घेतो, सुताचा वाटा जास्त असलेलं.

४. रंग

एकाच कापडाचा गडद रंग फिक्यापेक्षा जास्त किरण अडवतो. गडद रंगाने उकडेल ही भीती अंगाला घट्ट बसणाऱ्या शर्टाला लागू आहे. सिनाईच्या वाळवंटातले बेदुईन, म्हणजे भटके अरब, काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक अभ्यास छापून आला होता. काळा काय किंवा पांढरा काय, सैल झग्यात माणसाच्या अंगाला पोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळं कापड जास्त तापतं, पण आतल्या मोकळ्या जागेत हवा खेळते आणि ती उष्णता कातडीपर्यंत पोचायच्या आत निघून जाते. शर्ट झग्याइतका सैल नसतो, म्हणून मधले रंग घ्या: खाकी, विटकरी, मोरपंखी.

५. माप आणि शिवण

नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्या. ताणलेलं कापड जाळीसारखं उघडतं, आणि नवं सूत पहिल्या धुण्यात आटतं. हे आटणं फायद्याचंच, विण आणखी घट्ट होते. म्हणून निघण्याआधी शर्ट दोन-तीनदा धुवा.

उभी कॉलर हवीच. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते, त्यामुळे हनुवटीखालचा गळा खालून भाजतो. उंटावर बसून खोगीर धरलं की बाही कोपराकडे सरकते आणि मनगट उघडं पडतं, तेव्हा बाही तळहाताच्या सुरुवातीपर्यंत लांब आणि बटण लागणारी हवी. हाताच्या पाठीला मात्र सनस्क्रीनच लावावं लागतं.

६. घरी परीक्षा घ्या

शर्ट घालून दुपारी अर्धा तास गच्चीवर बसा. पाठीवर पाणी शिंपडून तो अंगाला किती चिकटतो ते पाहा. जुना आवडता शर्ट नेणार असाल, तर खांदे आणि कोपर पुन्हा उजेडात धरा, तिथेच कापड आधी विरतं.

दिवसाचे दोन शर्ट न्या आणि रात्रीचा एक कोरडा वेगळा बांधा. डिसेंबर-जानेवारीत तिथली रात्र एक आकडी अंशांपर्यंत उतरते, आणि दिवसभर गारवा देणारं तेच ओलसर सूत सूर्य मावळला की हुडहुडी भरवतं.