काशाची वाटी, देवमासा आणि माझी तीन रकान्यांची वही

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी तरी विचारलं असेल, की ताई, म्युझिऑलॉजीला (म्हणजे संग्रहालयशास्त्राला) ॲडमिशन घेतलीय पण शब्दच कळत नाहीत, कुठला कोश घेऊ. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, कोश घेऊन फार काही होणार नाही. म्हणजे घ्या, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश मीही वापरते, पण सुरुवात तिथून करू नका.

मी बडोद्याचीच, दांडिया बाजारात वाढलेली, घरात मराठी आणि ओट्यावर गुजराती. बीएस्सी जिऑलॉजी केलं आणि मग इथेच एम.एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी, हा विभाग १९५२ पासून आहे आणि तिथे कुठल्याही विषयाची मुलं येतात, तीच तर गंमत आणि तोच वैताग. आमच्या वर्गात इतिहासवाले, फाइन आर्ट्सवाले, झूलॉजीवाले, एक तर कॉमर्सचा. पहिले दोन महिने प्रत्येकाला तिसरा हिस्साच कळायचा. टेम्परा (चित्रं रंगवायची एक जुनी पद्धत) म्हटलं की मी ब्लँक, क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज) म्हटलं की बाकीचे ब्लँक. कमाटीबागेतलं म्युझियम (कागदावर सयाजीबाग, पण आम्ही कमाटीबागच म्हणणार) आठवा ना, १८९४ ची ती इमारत, एका छताखाली इजिप्तची ममी, इथल्याच अकोट्याच्या जैन मूर्ती, युरोपियन पेंटिंगं आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा. आता या सगळ्यांची नोंदीची कार्डं एकाच माणसाने भरायची म्हटलं तर त्या माणसाने किती भाषा शिकाव्यात?

माझी पहिली फजिती धातूंत झाली. एका खासगी संग्रहात इंटर्नशिप होती, नाव सांगत नाही, तिथे लहान लहान देवांच्या मूर्ती, दिवे, घंटा अशा चाळीसेक वस्तू मला दिल्या आणि म्हणाले मटेरियलचा रकाना भर. मी डोळ्याने बघून भराभर लिहिलं, कांस्य, कांस्य, कांस्य. कारण पुस्तकांत देवाची धातूची मूर्ती म्हणजे ब्राँझ आणि कोशात ब्राँझ म्हणजे कांस्य. पुढे तिथे टेस्टिंगवाले आले, त्यांच्या मशीनने निम्म्याहून जास्त वस्तूंत भरपूर जस्त दाखवलं. म्हणजे पितळ. चाळीसच्या चाळीस कार्डं परत लिहिली आणि वर ऐकून घेतलं ते वेगळंच, जसं काही मला तो रकाना भरायला सांगणारे ते नव्हतेच.

त्या रात्री घरी आजीला सांगितलं तर ती हसलीच. म्हणाली, अगं काशाची वाटी घे आणि पितळेची घे, दोन्ही टिचकी मारून बघ. काशाची वाटी म्हणजे तळपायाला तूप लावून घासतो ना, ती. मारली टिचकी. काशाची कितीतरी वेळ वाजत राहिली, पितळेची ठक्क करून गप्प. म्हणून झांजा आणि टाळ काशाचे. तांबं अधिक कथील म्हणजे कांसं, तांबं अधिक जस्त म्हणजे पितळ, हे मी शाळेत पाठ केलं होतं हो, पण हातात कधी घेतलं नव्हतं. (जुनी मूर्ती मात्र टिचकी मारून बघू नका प्लीज, वाटीवरच शिका.) आणि अजून एक, मराठीत कथील म्हणजे धातू आणि कल्हई म्हणजे त्याचा भांड्यावरचा मुलामा, पण गुजरातीत त्या धातूलाच कलाई म्हणतात, त्यामुळे मांडवीच्या भांडीवाल्याशी बोलताना मी एकदा पंधरा मिनिटं वेगळ्याच विषयावर बोलत होते.

आता मी टेस्ट झाल्याशिवाय सरळ ‘तांब्याचा मिश्रधातू’ एवढंच लिहिते. जगातली मोठमोठी म्युझियमं हेच करतात. सुरुवातीला वाटायचं ही पळवाट आहे, पण नाही, जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं. हिरव्या रंगाचंही तसंच. जुन्या तांब्या-ब्राँझवर घट्ट, गुळगुळीत हिरवा थर असतो तो पॅटिना, तो घासायचा नाही, पण फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली, बोटाला लागायला लागली तर तो ब्राँझ डिसीज, क्लोराइडमुळे होणारा, दमट हवेत वाढत जातो आणि वस्तू आतून खातो. दोन्ही हिरवे, पण पहिल्याला हात लावायचा नाही आणि दुसऱ्यासाठी पळत जाऊन कॉन्झर्वेटरला, म्हणजे जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवायचं. शब्द चुकला तर वस्तू जाते, एवढा सरळ हिशोब.

तेव्हापासून मी वही केली. तीन रकाने. पहिल्यात घरात किंवा बाजारात काय म्हणतात, दुसऱ्यात कारागीर काय म्हणतो, तिसऱ्यात सायन्स किंवा कॅटलॉग काय म्हणतं. तीनही जुळले तर छान, पण शिकायला मिळतं ते जुळत नाहीत तिथेच.

उदाहरणार्थ अकीक. माझा हक्काचा विषय, तरी त्यात मार खाल्ला. कोशात अगेट पाहिलं तर कुठे अकीक, कुठे गोमेद. आता गोमेद म्हणून सराफाकडे जाल तर तो हेसोनाइट दाखवेल, तो गार्नेट, म्हणजे खनिजच वेगळं, नवग्रहाच्या अंगठीतला. अकीक म्हणजे क्वार्ट्झ घराण्यातला, पट्ट्या असलेला. दख्खनच्या लाव्हात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या, ज्या पोकळ्या राहिल्या त्यांत सिलिका साचून तो तयार होतो, तिकडे राजपिपळ्याच्या बाजूला रतनपूरला खाणी आहेत आणि खंभातला मणी करतात. लाल झालेला असेल तर कार्नेलियन. आणि तो लाल रंग बऱ्याचदा भाजून आणलेला असतो, मडक्यात घालून मंद आचेवर, त्यातल्या लोहाचा रंग बदलतो. हे हडप्पाच्या काळापासून चाललंय. मग कार्डावर ‘नैसर्गिक दगड’ लिहायचं की ‘माणसाने केलेली वस्तू’? दगड जिऑलॉजीचा, मणी आर्किऑलॉजीचा, भाजणं क्राफ्टचं. आमच्या वर्गात यावर अख्खं लेक्चर भांडण झालं होतं आणि शेवटी तीन रकान्यांत तीन गोष्टी लिहायच्या असं ठरलं, मला तर वाटतं माझ्या वहीवरूनच, पण क्रेडिट कुणी दिलं नाही.

देवमाशाचं लवकर आवरते. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी आलेला तो देवमासा, नावात मासा आहे पण सस्तन प्राणी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी यादी करताना ‘मासे’खाली टाकणारा एकजण दर वर्षी निघतो. शास्त्रीय नाव बॅलेनॉप्टेरा मस्क्युलस, लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं, आणि मस्क्युलसचा लॅटिनमध्ये एक अर्थ होतो छोटा उंदीर! गंमत सोडा, कामाची गोष्ट ही की शास्त्रीय नावात पहिला शब्द कॅपिटलने आणि दुसरा स्मॉलने लिहितात, देवनागरीत ती सोयच नाही, म्हणून रजिस्टरमध्ये नाव रोमनमध्येच ठेवा आणि लेबलवर मराठीत लिहा. पेंढा भरलेल्या प्राण्यांना मात्र उघड्या हाताने हात लावू नका, जुन्या काळी कातड्याला आर्सेनिक लावायचे.

कापडात मला सगळ्यात जास्त मजा आली. पटोला आणि छापील पटोला यांत फरक काय, तर खऱ्या पटोल्यात ताणा आणि बाणा (उभे आणि आडवे धागे) दोन्ही विणायच्या आधीच हिशोबाने बांधून रंगवलेले असतात, मग विणताना नक्षी जुळते. म्हणून कडा किंचित पसरल्यासारख्या दिसतात आणि उलट बाजूही सुलट्यासारखीच. छापील असेल तर उलटी बाजू फिकी. पैठणीची नक्षीही दोन्हीकडून दिसते, पण तिथे रंगीत धागे विणतानाच एकमेकांत अडकवलेले असतात, रंगाईचा काही संबंध नाही. म्हणून ‘दोन्ही बाजूंनी सारखं’ एवढ्यावरून काही ठरवू नका.

आणि मग चित्रं. आमच्या वाड्यातल्या एका काकांकडे दिवाणखान्यात लक्ष्मीची मोठी तसबीर होती, ओरिजिनल रविवर्मा म्हणून. रविवर्मा सयाजीरावांकडे बडोद्यात राहून काम करून गेलेत, त्यामुळे इथे निम्म्या घरांत अशी एक स्टोरी असतेच. मी भिंग लावून पाहिलं तर देवीच्या गालावर बारीक बारीक ठिपके, लाल, पिवळे. ब्रशचा फटकारा असा नसतो. ओलिओग्राफ. दगडावरून एकेक रंग छापायचा आणि वर वॉर्निश देऊन तैलचित्रासारखं चकचकीत करायचं. रविवर्म्यांनी स्वतःच १८९४ ला मुंबईत प्रेस काढला होता त्यासाठी.

काकांचा चेहरा पडला. म्हणाले, मराठीत काय म्हणतात याला? मी अडखळले, तैलरंगी शिलामुद्रण वगैरे काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे शिळाछाप म्हण की! आणि देवघरातून पणजीची शिळाछाप पोथी घेऊन आले, सुटी पानं, लाल कापडात बांधलेली. शब्द त्यांच्या देवघरात होता आणि मी कोशात शोधत होते.

पोथी उघडली तर पानांना भोकं. काका म्हणाले, कसर लागलीय. वहीच्या पहिल्या रकान्यात कसर, तिसऱ्यात सिल्व्हरफिश, पण सिल्व्हरफिश कागद वरवर खरवडतो, त्याने पानाचा थर पातळ होतो, आणि इथे तर गोल, टाचणीने पाडल्यासारखी भोकं, एका पानातून दुसऱ्यात गेलेली. ही भुंग्याची अळी. डांबरगोळ्या नकोत म्हटलं, प्लास्टिकमध्ये हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजमध्ये ठेवू. काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, श्रावणाच्या आधी काढायची हं, आणि कोळंबीच्या कप्प्यात पोथी ठेवलीस तर बघ.