छोट्या चिऱ्यातलं हिप रिप्लेसमेंट: कप नीट बसलाय का हे एक्सरेवर कसं बघायचं

"छोट्या चिऱ्यातून करतो" म्हटलं की घरचे टाके किती पडणार एवढंच विचारतात. पण सांधा निसटणार का, लायनर (कपच्या आतलं अस्तर) लवकर झिजणार का, हे बरंचसं आत कप, म्हणजे कमरेच्या हाडात बसवलेली वाटी, कुठल्या अँगलला बसलाय त्यावर असतं, आणि चिरा छोटा म्हणजे सर्जनला आतलं दिसतंही कमी.

तर ऑपरेशननंतरचा समोरून काढलेला, दोन्ही खुबे दिसणारा एक्सरे घ्या, एका बाजूचा नको. आधी तो सरळ आलाय का बघा, माकडहाडाचं टोक कमरेची हाडं पुढे मधोमध जुळतात त्या जोडाच्या बरोब्बर वर पाहिजे आणि त्या हाडांमधली खालची दोन्हीकडची भोकं सारखी दिसली पाहिजेत, नसतील तर पेशंट तिरका झोपलेला होता, मापं काढत बसू नका. सरळ असेल तर आपण ज्या हाडांवर बसतो त्यांच्या खालच्या टोकांना जोडून आडवी रेघ ओढा, दुसरी रेघ कपच्या दोन कडांमधून, आणि शाळेतला कोनमापक लावा. साधारण ३० ते ५० अंश आलं तर ठीक. ही रेंज १९७८ ची, ल्युइनेक नावाच्या सर्जनची, त्यात कप पुढे किती वळलाय तेही धरलंय, ५ ते २५ अंश, पण ते साध्या एक्सरेवर घरी मोजायच्या फंदात पडू नका.

त्याच आडव्या रेघेपासून मांडीच्या हाडाच्या आतल्या छोट्या उंचवट्यापर्यंत दोन्हीकडे मोजा, फरक म्हणजे पायाच्या लांबीतला फरक, अंदाजे हां, कारण फिल्मवर सगळं जरा मोठं दिसतं. नुसता पाय लांब वाटतोय म्हणून लगेच बुटात सोल घालू नका, आखडलेले स्नायू सैल झाले की बऱ्याच जणांचं ते जातं.

आता गोम अशी की अँगल बरोबर असूनही सांधा निसटतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१६ च्या अभ्यासात निसटलेल्यांपैकी ५८ टक्के कप या रेंजमध्येच होते! बसताना कमरेचं हाड मागे कलतं आणि कपही सोबत फिरतो, पण मणक्यात स्क्रू टाकलेले असतील किंवा कंबर आखडलेली असेल तर तो फिरतच नाही. म्हणून मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधीच सांगा, बसून आणि उभं राहून बाजूने एक्सरे काढणार का विचारा, ड्युअल मोबिलिटी कप (आत दोन ठिकाणी फिरणारा, सहसा न निसटणारा) लागेल का तेही. ऑपरेशन खुब्याच्या पुढच्या बाजूने करणार असतील तर टेबलवरच सी-आर्मने (ऑपरेशन चालू असताना वापरायचं एक्सरे मशीन) कप चेक करतात का आणि स्टेम, म्हणजे मांडीच्या हाडात बसवलेला दांडा, आखूड आहे का, हे दोन प्रश्न पुरेत. डिस्चार्जच्या फाइलमधल्या इम्प्लांटच्या स्टिकर्सचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून ठेवा.