ख्रिस्ती फँटसी लिहिताय? निदान या चुका टाळा

ओळखीपाळखीतून माझ्याकडे हस्तलिखितं वाचायला येतात. पूर्वी भक्तिगीतं आणि साक्षी (म्हणजे स्वतःच्या श्रद्धेचे अनुभव) यायच्या, हल्ली कल्पनारम्य कादंबऱ्या येतात, त्याही तीन भागांच्या. आनंदच आहे. पण चुका त्याच त्या. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायचा आता कंटाळा आलाय, म्हणून सगळ्यांना एकत्रच सांगतो.

येशूलाच झगा घालून उभा करणं

ही सगळ्यात मोठी चूक. कथेत एक निष्पाप राजपुत्र असतो, नाहीतर पांढरा घोडा, नाहीतर बोलणारा गरुड. त्याच्या मागे बारा जण. त्यातला एक फितूर होतो, राजपुत्र मरतो, तिसऱ्या दिवशी उठतो.

एका तरुणाच्या बाडात तर पैशाची थैली सांभाळणाऱ्या सरदाराचं नावच ‘यूदार’ होतं. येशूला दगा देणारा, थैली सांभाळणारा शिष्य यूदास. दुसऱ्या प्रकरणात हे नाव दिसलं आणि शेवटचं पान मला तिथेच कळलं. मी विचारलं, “राजपुत्र गेल्यावर वाचकाच्या डोळ्यांत पाणी यावं असं वाटतं ना तुला?” म्हणाला, “हो काका.” म्हटलं, “येणार कसं? परवा उठतोय हे सगळ्यांना ठाऊक आहे.” यावर तो गोरामोरा होऊन म्हणाला, “पण काका, तो प्रभू आहे. त्याच्यात मी बदल कसा करू?”

गोम इथेच आहे. पात्र म्हणजे प्रभू असं एकदा ठरलं की लेखकाचे हात बांधले जातात. शुभवर्तमानातला येशू वादळात होडीत झोपतो, फळ नसलेल्या अंजिरावर संतापतो, मित्र लाजरसच्या कबरेपाशी रडतो. या राजपुत्राला साधी शिंकही येत नव्हती. तो फक्त प्रवचन द्यायचा, एकेक प्रवचन तीन-तीन पानांचं.

मी सांगितलं, राजपुत्राला बाजूला ठेव, यूदारवर लिही. पोरगा रुसला, बरेच दिवस फोन नाही. मग एक प्रकरण आलं: रात्री यूदार मेलेल्या शिपायाच्या बायकोसाठी नाणी मोजतोय, एक नाणं वेगळं काढतो, परत ठेवतो, पुन्हा काढतो. त्या बाडातलं हे पहिलं पान, जे वाचून पुढचं उलटायची मला घाई झाली.

“पण ‘नार्निया’वाल्या सी. एस. लुईसने येशूचा सिंह केलाच की!” हे उत्तर पाठ असतं सगळ्यांना. केला. पण आधी ‘संदेश’ ठरवून त्यावर कातडं चढवलं नाही. बर्फाच्या रानात छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला अर्धा माणूस-अर्धा बोकड असा प्राणी, हे चित्र सोळाव्या वर्षाच्या सुमारापासून त्याच्या डोक्यात होतं. सिंह फार नंतर आला. त्याचा प्रश्न असा होता: असं एखादं जग खरंच असतं आणि देवाचा पुत्र तिथे गेला असता, तर काय घडलं असतं? म्हणजे काय घडेल ते शोधायचं होतं, ठाऊक असलेलं पुन्हा सांगायचं नव्हतं.

टॉल्किन तर आणखी पुढचा. 1953 च्या एका पत्रात तो म्हणतो की ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळातच धार्मिक आणि कॅथलिक पुस्तक आहे, आणि म्हणूनच त्याने त्यातून धर्माचे, पूजाविधींचे उल्लेख जवळजवळ काढून टाकले. शेवटी नायक फ्रोडोकडून ती दुष्ट अंगठी आगीत टाकवत नाही. तो हरतो. काम फत्ते होतं ते त्या अंगठीने झपाटलेल्या गॉलममुळे, आणि गॉलम जिवंत असतो कारण कोणीतरी फार पूर्वी त्याच्यावर दया केलेली असते. कृपा म्हणजे काय हे यात कोणी समजावून सांगत नाही, ती कथानकात घडते.

माझी सवय सांगतो. पेन्सिल घेऊन, पात्र जिथे जिथे धडा देतं ते वाक्य खोडतो. उरलेलं उभं राहिलं तर ती कथा. बहुतेकांची प्रचारपत्रिका उरते.

लाल डोळ्यांचा सैतान

काळा झगा, लाल डोळे, “मला नमन कर, सत्ता देतो!” कोण नमन करेल अशाला? बायबलमधल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातला साप सुरुवात करतो ती नुसत्या एका प्रश्नाने. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूला मोहात पाडताना सैतान चक्क बायबलमधलंच स्तोत्र 91 म्हणून दाखवतो. आणि त्याचा पहिला मोह काय, तर भाकरी. चाळीस दिवस उपाशी असलेल्याने भाकरी खाणं हे काय पाप आहे? म्हणूनच तो मोह.

मोहाचा प्रसंग मी आधी सैतानाच्या बाजूने लिहायला लावतो. वाचून “हं, बरोबर बोलतोय की” असं क्षणभर वाटलं नाही, तर परत लिहा. संत ऑगस्टीन सांगून गेलाय की वाईटाला स्वतःचं अस्तित्व नाही, चांगलं कमी पडतं तिथे वाईट असतं. तेव्हा तुमच्या खलनायकानेही कधीतरी कशावर तरी प्रेम केलेलं असणार. काय होतं ते, हे तुम्हाला ठाऊक हवं. टॉल्किनला ऑर्कांच्या, म्हणजे त्याच्या कथेतल्या दुष्ट सैनिकांच्या, उगमाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. तुम्ही निदान प्रश्न पडू द्या.

एका परिच्छेदात पश्चात्ताप

खलनायक गुडघे टेकतो, रडतो, झालं. योहानाचं शुभवर्तमान उघडा. येशूला पकडल्यावर पेत्र त्याची ओळख तीनदा नाकारतो तेव्हा अंगणात कोळशांचा विस्तव असतो. तीन अध्यायांनी किनाऱ्यावर पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासे, आणि उठलेल्या येशूने पेत्राला तीनदा विचारलेला एकच प्रश्न: माझ्यावर प्रेम करतोस का? ही जोड योहान कुठेही बोलून दाखवत नाही. एवढा धीर नवख्यांकडे नसतो, त्यांना पेत्राचे अश्रूही समजावून सांगायचे असतात.

बाकीच्या, थोडक्यात

शेवटच्या प्रकरणात प्रार्थना आणि लगेच आकाशातून अग्नी: नको. गेथशेमानेच्या बागेत येशूने प्रार्थना करूनही दुःखाचा प्याला टळला नाही, पौलाने तीनदा विनवूनही त्याच्या शरीरातला काटा निघाला नाही.

वसईत वाढलेल्या मुलीच्या कथेत पाइनची रानं आणि बर्फ. लुईस बेलफास्टचा, त्याला शोभतं. तुमच्या दारात बावखल (गोड्या पाण्याचं तळं) आहे, समोर पडका किल्ला आहे, त्यात काय राहत असेल ते लिहा.

यंत्राला विचारून घेतलेली ‘एल्थारियन’, ‘सेराफिएल’ छापाची नावं मला लगेच कळतात. आणि कल्पित जगाचा नकाशाही नंतर काढा.

“जादू दाखवली तर फादर काय म्हणतील?” प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात शिमोन जादूगार पैसे मोजून सामर्थ्य विकत घ्यायला येतो आणि पेत्र त्याला झापतो. तुमच्या जादूगाराला जादूची काय किंमत पडते ते आधी लिहा, फादरांना नंतर विचारू.

आणि तीन भागांचा आराखडा पाठवू नका. पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण पाठवा, पानांवर आकडे घालून.