सोसलेला भेद रंगमंचावर आणताना

कोल्हापुरात जातीच्या भेदाभेदावर नाटक बसवायचे ठरले की अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात शाहू महाराजांनी घेतलेला चहा पहिल्याच प्रवेशात येतो. तो प्रसंग थोर आहे, परंतु स्वतःच्या अनुभवावर नाटक उभारायचे असेल तर तो बाजूला ठेवावा. कारण शहराच्या अभिमानाआड नटाची स्वतःची कपबशी, म्हणजे आजोळच्या गावात किंवा शेतमालकाच्या दारात वळचणीला वेगळी ठेवलेली कपबशी, दिसेनाशी होते.

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाच्या काळातले ‘सिझ्वे बान्झी इज डेड’ (१९७२) हे नाटक येथे उपयोगी पडते. अथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना या तिघांनी ते मिळून घडवले; तालमी सुरू झाल्या तेव्हा हाती तयार संहिता नव्हती. कानी यांनी मोटारीच्या कारखान्यात काम केले होते, आणि बडे मालक भेटीला येणार म्हणून कारखाना धुऊन-पुसून लख्ख करण्याची जी धांदल नाटकाच्या आरंभी वर्णिली आहे, तिच्यावर प्रेक्षक पोट धरून हसतो. अपमानाचे नाटक रडण्यापासूनच सुरू व्हावे असा आपल्याकडचा समज यामुळे सुटावा.

पाच-सहा जणांनी पहिले काही आठवडे कागदाला हात न लावता बसावे. प्रत्येकाने एक वस्तू आणून तिच्याशी जोडलेली घटना सांगावी आणि इतरांनी ‘तुला काय वाटले?’ असे न विचारता पाणी किती उंचावरून ओतले, ओंजळ कोठे धरली, मालकीण दाराच्या आत होती की बाहेर, असे विचारावे. वाटण्याची उत्तरे बहुधा भाषणाकडे जातात. ओंजळीची उत्तरे थेट अभिनयाकडे जातात. नंतर तोच प्रसंग शब्दांवाचून करावा, आणि सांगणाऱ्याने स्वतःची भूमिका दुसऱ्याला देऊन समोर बसून पाहावे. आपली गोष्ट प्रयोगाच्या आदल्या दिवशीही काढून घेण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहील, हे आरंभीच ठरवावे. गावाची व माणसांची नावे बदलावीत.

भेद करणाऱ्याची भूमिका हा खरा अवघड भाग आहे. ‘वोझा अल्बर्ट!’ (१९८१) या दक्षिण आफ्रिकेतल्याच नाटकात पर्सी म्ट्वा आणि म्बोन्गेनी न्गेमा हे दोनच नट सारी पात्रे करीत आणि गोरा माणूस दाखवताना नाकावर गुलाबी अर्धगोल चढवीत. आपल्याकडे खांद्यावरचे एक उपरणे पुरेल. मात्र एक सावधगिरी हवी: तेथले पासबुक, म्हणजे सतत जवळ बाळगावे लागणारे ओळखपत्र, कृष्णवर्णीयाला शहरात वावरण्यापासून अडवत असे, तर आपला जातीचा दाखला हक्काच्या मागणीसाठी लागतो, म्हणून ते दोन कागद रंगमंचावर एकमेकांचे प्रतिरूप म्हणून वापरू नयेत.

संहिता शेवटी, मोबाइलवरील ध्वनिमुद्रण ऐकून लिहावी, आणि ‘काय लेका’, ‘व्हय की’ ही बोली पुस्तकी करू नये. तिकीट लावून प्रयोग करायचा असल्यास संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या राज्याच्या मंडळाकडे, वेळेत पाठवावी. पहिला प्रयोग मात्र नाट्यगृहात न करता, ज्यांच्या घरांतून गोष्टी आल्या त्यांच्या समाजमंदिरात करावा. तेथे एखादी म्हातारी मध्येच उठून ‘असं नव्हतं, तांब्या खाली ठेवायचे’ असे म्हणाली, तर प्रयोग थांबवून तांब्या खाली ठेवावा.