द्राक्षबागेत जिवाणू सोडायचेत? आधी त्यांच्या जेवणाचं बघा

बागेची माती मेली असं वाटलं की आपण पहिलं काय करतो, तर बाटली आणतो. ट्रायकोडर्मा आणि मायकोरायझा या उपयोगी बुरशा, सुडोमोनास आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे) हे जिवाणू, सगळं एकाच टाकीत ओतायचं आणि ड्रिपनं सोडून मोकळं व्हायचं. मी पण दोन वर्षं हेच केलं, आणि दुसऱ्या वर्षी तर कहरच, ट्रायकोडर्मा सोडल्यावर पाचव्या दिवशी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग दिलं, म्हणजे मुळाशी ओतलं. म्हणजे पैसे देऊन बुरशी आणली आणि पैसे देऊनच मारली. ट्रायकोडर्मा स्वतः बुरशी आहे, बुरशीनाशकाला त्यातली चांगली-वाईट कळत नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नव्हती.

म्हणून बाटलीच्या आधी माती बघा. काचेचे दोन ग्लास पाणी घ्या. एकात वेलीखालचं वाळलेलं ढेकूळ सोडा, दुसऱ्यात बांधावरचं, जिथं कित्येक वर्षं गवत आहे आणि नांगर लागलेला नाही. माझ्याकडं वेलीखालचं ढेकूळ दोन-तीन मिनिटांत विरघळून तळाला गाळ झालं, बांधावरचं तासाभरानं पण जागेवर, नुसते बुडबुडे सोडत होतं. माती तीच, फरक एवढाच की बांधावर मुळं, बुरशीचे धागे आणि जिवाणूंचा चिकट पदार्थ कण धरून ठेवतात. वेलीखाली तणनाशक मारून मारून जमीन उघडी, ट्रॅक्टरची चाकं दरवेळी त्याच पट्ट्यात, आणि वर तांबं. मोरचूद (म्हणजे तांबं) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये पुढं आणलं, तेव्हापासून जगभर द्राक्षावर फवारलं जातंय, आणि तांब्याचं असं आहे की ते कुजत नाही की उडून जात नाही, वरच्या थरातच साचत राहतं, गांडुळांना आणि जिवाणूंना दोघांनाही बाधतं. जुनी बाग असेल तर माती परीक्षणात तांबं मुद्दाम बघून घ्या, नेहमीच्या एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) रिपोर्टमध्ये ते नसतं बऱ्याचदा.

आता जेवण. जिवाणू खातात सेंद्रिय कर्ब, तो नसेल तर बाहेरून आणलेले पाहुणे दोन-चार आठवड्यांत संपतात, आणि जे जुने मातीतले आहेत ते त्यांना जागा पण देत नाहीत. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट द्या. छाटणीच्या काड्या बारीक करून वरूनच अंथरा, मातीत गाडू नका, नाहीतर त्या कुजवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि वेल पिवळी पडते. खोडाचा रोग असलेलं लाकूड मात्र बागेबाहेर. दोन ओळींमध्ये ताग, चवळी असं काहीतरी पेरा. मोहरी बरी वाटते, पटकन येते, पण मोहरीच्या कुळातल्या पिकांच्या मुळावर मायकोरायझा बसत नाही, म्हणून एकटी मोहरी नको. आणि रोटावेटर कमी करा हो, एका फेरीत बुरशीच्या धाग्यांचं जाळं तुटतं.

हे जमलं की मग ट्रायकोडर्मा, तो पण थेट नाही, आधी शेणखतात वाढवून. १०० किलो कुजलेल्या शेणखतात १ किलो पावडर, सावलीत ढीग, मूठ दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये इतकाच ओलावा, वरून ओलं पोतं. तीन-चार दिवसांनी वरखाली करायचं. आठ-पंधरा दिवसांत आधी पांढरी जाळी दिसते, मग हिरवट होते. कच्चं, गरम शेणखत घेऊ नका, आतच शिजून मरतो. ढिगाला सडका वास आला तर पाणी जास्त झालंय, पसरवा आणि हवा लागू द्या.

मायकोरायझाचं गणित वेगळं आहे. ही बुरशी मुळाला स्फुरद आणून देते आणि बदल्यात वेलीकडून साखर घेते. ती जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, त्यामुळं शेणखतात वाढवायचा प्रयत्न फुकट. नवीन लागवडीत खड्ड्यात मुळाला चिकटेल अशी टाका, हीच खरी वेळ. जुन्या बागेत ड्रिपरजवळ थोडं उकरून पांढरी मुळी दिसेल तिथं द्या. आणि स्फुरद कमी करा, मातीत स्फुरद भरपूर असलं तर वेल तिला दारातच उभी करत नाही, स्वतःच्या मुळानंच मिळतंय तर साखर कशाला वाटेल.

वेळ कधीची? डोळे फुटले की लगेच नको, तेव्हा वेल साठवलेल्या अन्नावरच चालते, नवीन मुळी थोडी नंतर निघते. पानं मोठी झाली, पांढरी मुळी चालली की द्या. संध्याकाळी, ओल्या जमिनीत. ड्रिपमधून द्यायचं तर लिक्विडच घ्या, पावडरनं फिल्टर आणि ड्रिपर जाम होतात. लॅटरलला (ड्रिपच्या नळीला) आधी ॲसिड किंवा क्लोरीन दिलं असेल तर साध्या पाण्यानं नीट फ्लश करून मगच, हे विसरतातच लोक. बुरशीनाशकाच्या ड्रेंचिंगपासून निदान दोन आठवडे लांब राहा. सगळे एकाच टाकीत ढकलू नका, कोण कोणाबरोबर चालतं ते लेबलवर बघा, नसेल लिहिलं तर वेगवेगळ्या दिवशी. बाटली घेताना सीएफयू आणि एक्सपायरी बघा, सीएफयू म्हणजे जिवंत मोजणी, आणि उन्हात तापलेल्या बाटलीत तो आकडा फक्त लेबलवर उरतो.

गूळपाणी किंवा मळी थोडी चालते, पण ते म्हणजे चहा-बिस्कीट, जेवण नाही. टाकीत चार दिवस झाकून ठेवून आंबट घाण वास आला असेल तर ते बागेत सोडूच नका.

दोन ओळी मात्र काहीच न देता तशाच ठेवा. नाहीतर फरक औषधाचा की त्या वर्षीच्या हवेचा, कळणारच नाही. दोन्हीकडं शुद्ध सुती कापडाची पट्टी १०-१५ सेंटिमीटर खोल पुरा, काठी रोवून खूण करा, दोन महिन्यांनी काढा. जिथं माती जिवंत, तिथं कापड जास्त खाल्लेलं दिसतं. मी पहिल्यांदा काढली तेव्हा दोन्हीकडची पट्टी जवळपास सारखीच अख्खी निघाली. पुढच्या वर्षी शेणखत आणि ताग झाल्यावर दिलेल्या ओळीत कापडाची नुसती जाळी राहिली होती, न दिलेल्या ओळीतली पट्टी धुवून परत वापरता आली असती.